देवावर सोडायचं, पण नेमकं काय?

प्रश्न बार्शीच्या एका ताईंचा आहे. मुलगा लातूरला होस्टेलवर राहून दुसऱ्यांदा 'नीट'ची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची, तयारी करतोय. ताई दिवसातून चार-पाच वेळा फोन करतात, दर चाचणीचे गुण वहीत उतरवून ठेवतात, मेसवाल्या मावशींनाही फोन करून तो जेवला का ते विचारतात. रात्री झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, "भगवंतावर सोड." ताई लिहितात: "सोडते, आणि दहा मिनिटांत पुन्हा हातात घेते. मी माझ्या आयुष्यावरचा ताबा सोडू शकत नाही. सोडायचं म्हणजे प्रयत्नच करायचे नाहीत का? सोडलं आणि वाईट झालं तर? माझी श्रद्धाच कमी पडते असं सासूबाईंचं म्हणणं आहे, ते खरं का?"

राम कृष्ण हरी, ताई.

मी कीर्तन करतो आणि वारीत आमच्या दिंडीची व्यवस्था बघतो. त्यामुळे 'देवावर सोडा' हे गादीवर उभं राहून सांगणं आणि तीनशे माणसांच्या जेवणाचा टेम्पो घाटात अडकलेला असताना ते स्वतः करणं, या दोन्हींशी माझा संबंध येतो. तुम्हाला उत्तर देताना दुसरं जास्त उपयोगी पडेल.

दहा मिनिटांत परत हातात घेता, याचं वाईट वाटून घेऊ नका. परत हातात येतं ते बहुतेक वेळा श्रद्धा कमी म्हणून येत नाही. आपण भलतीच वस्तू सोडायला गेलेलो असतो म्हणून येतं. जे काम खरोखर आपलं आहे ते देवाच्या पायाशी ठेवून उठलात, तर मन ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. पोराची फी भरायची तारीख देवावर सोडली आणि रात्री झोप लागली नाही, तर ती झोप न लागणं योग्यच आहे. उठून फी भरा. पण त्याला भौतिकशास्त्रात किती पडतील, परीक्षेच्या हॉलमध्ये तो घाबरेल का, त्याच्या मनात आत्ता काय चाललं असेल, हे तुम्ही रात्री बारा वाजता बार्शीत बसून चालवायला बघता आणि ते चालत नाही. ही दोन्ही ओझी एकाच गाठोड्यात बांधली आहेत. सासूबाई म्हणतात गाठोडं टाक. मी म्हणतो आधी गाठोडं सोडा, आत काय काय आहे ते बघा.

तुम्ही बार्शीच्या, म्हणून अंबरीषापासूनच सुरुवात करतो. भगवंताच्या देवळात तुम्ही लहानपणापासून जात असाल. ज्या अंबरीषासाठी देव बार्शीत उभा राहिला असं आपण मानतो, त्याची गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. ती बहुधा सुदर्शन चक्राच्या चमत्कारासाठी सांगितली जाते. मला त्यात चक्राच्या आधीचा भाग मोलाचा वाटतो.

राजाने वर्षभर द्वादशीचं व्रत केलं. शेवटी तीन रात्रींचा उपवास झाला आणि पारणं सोडायची वेळ आली, तेवढ्यात दुर्वास दारात. राजाने जेवायला बोलावलं, ऋषी हो म्हणाले आणि यमुनेवर स्नानाला गेले ते गेलेच. इकडे द्वादशी संपत आलेली, अर्धा मुहूर्त उरलेला. द्वादशी असताना पारणं सोडलं नाही तर व्रत फुकट, आणि पाहुण्याच्या आधी जेवावं तर अतिथीचा अपमान, तोही दुर्वासांचा. आता बघा, एवढा मोठा भक्त, पण तो डोळे मिटून 'देवा, तूच बघ' म्हणत बसला नाही. त्याने जाणत्या ब्राह्मणांना विचारलं, दोन्ही बाजू तोलल्या आणि नुसतं पाणी प्यायचं ठरवलं. पाणी पिणं हे खाल्ल्यासारखंही आहे आणि न खाल्ल्यासारखंही. व्रतही राहील, पाहुण्याचा मानही राहील. हातात जेवढं होतं तेवढं बारकाईने केलं.

मग दुर्वास आले, भडकले, जटा उपटून त्यातून कृत्या, म्हणजे मारायला धाडायची राक्षसी शक्ती, उभी केली. हातात तलवार घेऊन ती राजावर धावून आली. भागवत सांगतं, राजा जागचा हलला नाही.

सोडणं म्हणतात ते या दोन कृतींच्या मध्ये कुठेतरी आहे. पाण्याचा निर्णय त्याचा होता, तो त्याने विचारून, सल्ला घेऊन, वेळेत घेतला. कृत्या त्याच्या आटोक्यातली नव्हती, तिथे तो उभा राहिला. आपण नेमकं उलटं करतो. पाण्याच्या वेळी 'देव बघेल' म्हणतो आणि कृत्या आली की धावाधाव करतो. आणि हो, पुढे चक्राच्या भीतीने दुर्वास तिन्ही लोक पळत होते तेव्हा राजा वर्षभर पाण्यावर त्यांची वाट बघत राहिला, आणि ते परत आल्यावर आधी त्यांना जेवू घालून मग जेवला. ज्याने मारायला कृत्या धाडली त्याच्यासाठी! हे माझ्याच्याने झालं नसतं. पण आपला विषय तो नाही.

याच भागवतात राजाचं वर्णन करताना म्हटलंय की त्याचं मन कृष्णाच्या पायाशी होतं आणि हात देवळाच्या झाडलोटीत. सात द्वीपांचा राजा, आणि हात केरसुणीवर. मन एकीकडे आणि हात रिकामे, असं तिथे नाही.

आता दिंडीचं सांगतो. ज्यांनी वारी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांना वाटतं, लाखो लोक घर देवावर सोडून निघतात. निघतात खरे, पण निघण्याआधी काय करतात ते बघायला तुम्ही ज्येष्ठात आमच्या गावी या. भिशी गोळा होते, ट्रक ठरतो, पाण्याचा टँकर ठरतो, राहुट्या उसवल्या असतील तर शिवून घेतल्या जातात, आचाऱ्याला उचल दिली जाते, प्रत्येक मुक्कामाची जागा आधी जाऊन बघितली जाते. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. त्यात दिवे घाट आहे, पाऊस आहे, चिखल आहे. कोणाला साखर, कोणाला बीपी. आमच्याबरोबर एक म्हातारी मावशी येते, तिच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला असतात. सकाळची गोळी चहाआधी, रात्रीची जेवणानंतर, चुकत नाही. पण शेताचं काय, सुनेचं काय, गाय व्याली का, हे ती वाटेत विचारत नाही. तिला एकदा मी मुद्दाम विचारलं, घरची आठवण येत नाही का. म्हणाली, "येती की. पर मी हितनं काय करणार?" एवढंच बोलली आणि पुढे चालू लागली.

आणि तिचा मुलगा. तो पेरणी करून मग पंढरपूरजवळ वाखरीला आम्हाला गाठतो. शेतकरी माणूस देवावर किती सोडतो आणि किती सोडत नाही हे त्याच्याकडून शिकावं. कृषी खात्याचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो जमीन उकरून ओल किती खोल गेली ते हाताने बघतो, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ देतो, बियाण्याला बीजप्रक्रिया करतो, पीकविमा भरतो. मग चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या ज्या वाटीतून बी खाली जातं तिच्यावर, बियाण्याची मूठ धरतो. मूठ सुटली की त्याचं काम संपलं. त्यानंतर पाऊस पंधरा दिवस दडी मारू शकतो, मारतोही. अशा वेळी तो बांधावर बसून ढगांना हुकूम सोडत नाही; दुबार पेरणीचं बियाणं कुठे मिळेल त्याची चौकशी करून ठेवतो आणि वारीला येतो. ताई, मुलाच्या अभ्यासाच्या बाबतीत तुमची मूठ बऱ्याच आधी सुटली आहे. तुम्ही मात्र रोज माती उकरून कोंब आला का ते बघता.

हे बोचलं असेल. पण तुम्ही विचारलंत म्हणून आणखी एक पायरी पुढे जातो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. जिथे काम घडतं ते अधिष्ठान, करणारा, वेगवेगळी साधनं, नाना प्रकारची खटपट, आणि पाचवं दैव. कीर्तनात हा श्लोक घेतला की लोकांचं लक्ष पाचव्यावर जातं. दैव आहेच, बघा, म्हणून माना डोलवतात. पण चार कारणं दैवाच्या आधी मोजली आहेत, आणि लगेच पुढे म्हटलंय की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. दोन्ही बाजूंचे कान पिळले आहेत: 'सगळं माझ्यामुळे' म्हणणाऱ्याचे आणि 'सगळं नशिबात' म्हणणाऱ्याचेही.

तुमच्या मुलाच्या परीक्षेला ही पाच कारणं लावून बघा. अधिष्ठान म्हणजे त्याचं शरीर, त्याची प्रकृती, ती लातूरची खोली. साधनं म्हणजे पुस्तकं, क्लास, मेस, पैसे. खटपट म्हणजे रोजचा अभ्यास, चाचण्या, चुका काढणं. दैव म्हणजे त्या दिवशी येणारा पेपर, तब्येत, बाकीच्या वीसेक लाख मुलांचे गुण. आणि कर्ता? कर्ता तुमचा मुलगा. त्या १८० प्रश्नांपुढे तो एकटा बसणार आहे. तुम्ही या यादीत आहात, पण साधनांमध्ये. चांगलं साधन असणं ही लहान गोष्ट नाही. आईने वेळेवर पैसे पाठवले, घरात शांतता ठेवली, आजारपणात धावून गेली, तर पोराचं अर्धं काम हलकं होतं. मात्र साधनाने कर्ता व्हायला गेलं की दोघांचंही बिघडतं. तुम्ही ज्याला 'मी माझ्या आयुष्यावरचा ताबा सोडू शकत नाही' म्हणता, त्यातला निम्मा ताबा तुमच्या आयुष्यावरचा नाहीच. तो दुसऱ्याच्या आयुष्यावरचा आहे. तो तुमच्याकडे कधी नव्हताच, म्हणून सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही. नुसता हात दुखतो.

प्रयत्न सोडायचे का, याचं उत्तरही तिथेच आहे. सगळी गीता सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यथेच्छसि तथा कुरु. मी सांगितलं ते सगळं नीट विचारात घे आणि मग तुला हवं तसं कर. 'मला एकट्याला शरण ये' हे प्रसिद्ध वाक्य त्यानंतर तीन श्लोकांनी येतं. म्हणजे शरण जायच्या आधी विचार करायला लावला आहे, निर्णय त्याच्यावर ठेवला आहे. आणि शरण गेल्यावर अर्जुन काय करतो? 'तू सांगशील तसं करीन' म्हणतो. 'करीन' म्हणतो, ताई. पहिल्या अध्यायात धनुष्य टाकून रथात बसला होता, तो आता उठतो. शरणागतीने माणूस बसता झाला, असं गीतेत घडलेलं नाही. आमचे समर्थही यत्नाला देव म्हणून मोकळे झाले आणि त्याच दासबोधात चळवळीला भगवंताचं अधिष्ठान लागतं असंही सांगून गेले. लोक यातली आपल्या सोयीची एक ओळ घेतात.

'ठेविले अनंते तैसेचि राहावे' या तुकोबांच्या ओळीचं तेच झालं आहे. ज्याला हातपाय हलवायचे नाहीत तो ती म्हणतो. म्हणणाऱ्याचं आयुष्य मात्र बघायला हवं. तुकोबांनी पडकं देऊळ दुरुस्त केलं, रात्र-रात्र पाठांतर केलं, घर सुटलं नाही, कीर्तन सुटलं नाही. 'असाध्य ते साध्य करिता सायास' हेही त्यांचंच आहे. अनंताने ठेवलेल्या जागी समाधानाने राहायचं ते चित्ताने. हाताला सुट्टी दिल्याचं त्यात कुठे आहे?

आता एका गोष्टीकडे जरा थांबून बघू या, कारण ती श्रद्धेच्या नावाखाली लपते. अनेक जण देवावर सोडलं म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात सौदा झालेला असतो. पाचशे पन्नासच्या वर गुण मिळाले तर तुळजापूरला साडी, सरकारी कॉलेज मिळालं तर पंढरपूरला अन्नदान. नवस बोलण्यावर मी टीका करायला बसलो नाही, आमच्या घरातही बोललेले आहेत. पण नवसात ताबा सुटलेला नसतो. निकाल काय लागायला हवा ते आपणच ठरवलेलं, देवाला फक्त कामाला लावलेलं, मोबदलाही आपणच ठरवलेला. म्हणून नवस बोलल्यावर काळजी कमी होत नाही, उलट एक वाढते: देव ऐकेल का. तुकोबांनी विचारलंय की नवसाने पोरं होत असती तर नवरा करायची गरज काय होती. ऐकताना लोक हसतात, पण त्यांनी सरळ पाच कारणांचाच हिशेब मांडला आहे.

तुम्ही असा नवस बोलला असाल तर तो मोडायला मी सांगणार नाही. फक्त एक करून बघा. देवासमोर उभं राहून जे हवंय ते स्पष्ट मागा, आडपडदा नको. माझ्या मुलाला डॉक्टर कर, म्हणा. आणि त्याच दमात म्हणा, नाही झाला तरी त्याच्याशी मी कशी वागेन ते तू सांभाळ. पहिली मागणी फळाची आहे, दुसरी तुमच्या वागण्याची. दुसरी मागणी करताना घसा दाटतो की नाही बघा. दाटला तर गाठ कुठे आहे ते सापडलं.

देवाशी भांडलं तरी चालतं, हेही सांगून ठेवतो. सोडणं म्हणजे तोंड गप्प करणं नाही. जनाबाई विठोबाला काय-काय बोलली आहे! आणि वारीत तर तक्रारीला रीतसर जागा आहे. रात्री पालखीतळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या माउलींच्या तंबूभोवती उभ्या, टाळांचा गजर चाललेला. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि ओरडतात, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असते, पाणी मिळालं नाही, क्रम चुकला, जागा दुसऱ्याने घेतली, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तेवढाच टाळ. मग चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकतात, मार्ग काढतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, कोणाचा चष्मा, कोणाची माळ, कोणाचा मोबाईल. उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. पूर्ण भरवसा माउलींवर, आणि तरी तक्रार नोंदवायची, ती सोडवणारी माणसं ठरलेली, निघायची वेळ ठरलेली. माउलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या काळापासून वारी या शिस्तीने चालत आली आहे. निव्वळ 'देव बघेल'वर ती दिवे घाटापर्यंतसुद्धा पोचली नसती.

म्हणून रात्री बाराला मनात टाळ वाजायला लागले तर दाबू नका. उठा, देवासमोर बसा, तक्रार शब्दांत सांगा. मोठ्याने सांगा, घरचे झोपलेले असले तर पुटपुटा. मग स्वतःला विचारा, यातलं आत्ता, या रात्री, माझ्या हाताने होण्यासारखं काही आहे का. असेल तर कागदावर लिहून ठेवा, सकाळी करा. नसेल तर हरिपाठाचे चार अभंग म्हणा आणि पडा. झोप लागेलच असं मी म्हणत नाही. हरिपाठ ही झोपेची गोळी नाही. पहिले काही दिवस तोंडाने अभंग आणि मनात कटऑफ असंच चालेल, चालू द्या. दुसऱ्या रात्री तीच तक्रार परत आली तर परत सांगा. दहा मिनिटांनी परत हातात घेतलं तर परत ठेवा. एकदा ठेवलं की कायमचं सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी ठेवून पाहिलेलं नसतं. आम्ही संध्याकाळी रोज हरिपाठ म्हणतो तो काय कालचा विसरला म्हणून?

फोनचं मात्र आजपासून बदला. दिवसातून एकदा, वेळ त्याला विचारून ठरवा. मेसच्या मावशींना फोन बंद. चाचणीचे गुण त्याने सांगितले तर ऐका, विचारू नका, आणि सांगितल्यावर 'मागच्या वेळेपेक्षा' हा शब्द तोंडातून काढू नका. गुणांची वही कपाटात ठेवा. तुम्ही म्हणाल, मग त्याला वाटेल आईला काळजीच नाही. नाही वाटणार. पोरांना आपली काळजी कळते, त्यांना विश्वास कळत नाही, कारण तो आपण दाखवतच नाही. सुरुवातीचे आठ दिवस तुम्हाला हात बांधल्यासारखं वाटेल. तेव्हा हातांना काम द्या, अंबरीषासारखं. भगवंताच्या देवळात झाडलोट असते, फुलं निवडायची असतात, एकादशीला फराळाची गर्दी असते. मी हे भावनेच्या भरात सांगत नाही. काळजी करणाऱ्या माणसाचे हात रिकामे असले की ते फोनकडेच जातात, हे मी खूप घरांत पाहिलं आहे.

आता तुमचा अवघड प्रश्न. सोडलं आणि वाईट झालं तर?

होऊ शकतं. देवावर भरवसा ठेवला की निकाल चांगला लागतो, असं जो सांगतो त्याच्या कीर्तनाला जाऊ नका. तुकोबांच्या ऐन तारुण्यात मोठा दुष्काळ पडला. व्यापार बसला, अब्रू गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. भरवसा नव्हता म्हणून का? पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ज्यांचं देणं होतं त्यांच्यावरचा ताबा सोडला, हातातला सोडण्यासारखा खरा ताबा तेवढाच होता. 'बरे झाले देवा निघाले दिवाळे' हे ते नंतर म्हणाले. ही ओळ ज्याचं दिवाळं निघालं आहे त्याने स्वतःबद्दल म्हणावी. दुसऱ्याच्या दुःखावर ती म्हणणारी माणसं मी तेराव्याच्या जेवणातही पाहिली आहेत आणि तिथून उठून आलो आहे. तुमच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही तर त्याला 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा. जेवायला वाढा. महिनाभराने तो स्वतः काही बोलेल.

भरवशाने निकाल बदलत नाही, तर मग मिळतं काय? निकालापर्यंतचे हे दिवस मिळतात. आत्ता तुमची अवस्था अशी आहे की निकाल वाईट लागला तर तुम्ही ते दुःख दोनदा भोगणार, एकदा आधीच रोज रात्री आणि एकदा खरोखर. आणि निकाल चांगला लागला तरी हे वर्ष गेलंच. 'आलिया भोगासी असावे सादर', भोग आलिया. न आलेल्या भोगाला सादर व्हायला कोणी सांगितलेलं नाही.

काही गोष्टी मात्र देवावर सोडायच्या नसतात, त्या ठामपणे सांगतो. तो अचानक गप्प झाला, खाणं सोडलं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपू लागला, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलला, तर त्याच दिवशी लातूर गाठा. रोज एकच फोन हा नियम तिथे लागू नाही. डॉक्टरांकडे न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फुकट फोनसेवा आहे, १४४१६ नंबर, मराठीत बोलता येतं. अशा वेळी अंगारा लावून, पारायण बसवून वाट बघत राहणं हे अंबरीषाने द्वादशी टळू देण्यासारखं आहे. तसंच घरात कोणी मारहाण करत असेल, पैसे फसवून नेत असेल, दुखणं अंगावर काढलं जात असेल, तिथे 'भोग आहेत' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात असेल.

निकालानंतरचं थोडं. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलचा कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ येते तेव्हा घरोघरी महाभारत होतं, ते टाळता येईल. त्याआधी तिघांनी बसून फी किती झेपेल, किती लांब पाठवायचं, एमबीबीएस नाही मिळालं तर बीएएमएस किंवा आणखी काय, तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची की नाही, हे एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. पैशाचं तुम्ही दोघं ठरवा, ते तुमचं. कॉलेजांचा क्रम त्याला लावू द्या, तो त्याचा. भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून फाइलला लावा, कागदपत्रांच्या झेरॉक्स तयार ठेवा, तारखा कॅलेंडरवर लिहा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यांतलं जे लागू असेल ते आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, ऐन वेळी सर्व्हर बंद असतो आणि तो देवाच्या इच्छेने बंद असतो असं मला वाटत नाही. पहिल्या फेरीची यादी लागायच्या आदल्या रात्री मग तुमच्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही. ती रात्र देवावर सोडायची.

राहिला सासूबाईंचा मुद्दा, तुमची श्रद्धा कमी आहे का. ताई, ज्याची श्रद्धाच नाही तो 'सोडते आणि परत हातात घेते' असं लिहीत नाही. त्याला सोडायचा प्रश्नच पडत नाही. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा. आणि त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्या म्हणतात ते चूक नाही, अर्धं आहे. त्यांना बरोबर घेऊन एखाद्या संध्याकाळी देवळात बसा आणि विचारा, त्यांनी स्वतः काय-काय सोडलं आणि कसं सोडलं. त्यांच्या वेळी नीट नव्हती, पण मुलं होती, दुष्काळ होता, ७२चा दुष्काळ त्यांनी कदाचित खडी फोडून काढला असेल. 'भगवंतावर सोड' म्हणणाऱ्या त्या पिढीच्या बायकांच्या हातावरचे घट्टे बघितले की कळतं, त्यांनी सोडलं होतं ते काय आणि धरून ठेवलं होतं ते काय. तुम्हाला त्यांनी फक्त पहिला भाग सांगितलाय. दुसरा विचारून घ्या.